यांना सांगू की नको?

*नाशिकहून एका आईचं पत्र : मुलगा दहावीत आहे. परवा मित्राच्या वाढदिवसाहून आला तर तोंडाला बिअरचा वास. विचारलं तर म्हणाला, "एकच घोट घेतला. बाबा तर दर शनिवारी घेतात." यांना सांगितलं तर पट्टा काढतील. न सांगता झोप लागत नाही. काय करू?*

ताई,

सांगा. पण आधी मुलाशी बोला, आणि बाबांना सांगणार आहात हेही त्यालाच आधी सांगा. आज पाठीशी घातलंत तर पुढच्या वेळी तो तुम्हाला गृहीत धरेल.

घोट एक की चार, यावर कोर्ट भरवू नका. सकाळी चहा घेताना शांतपणे विचारा : कोणी आणली होती? घरी कसा आलास? बिअर घेतलेल्या मित्राच्या गाडीवर मागे बसून आला असेल, तर मला त्या घोटापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटते. त्याला शब्द द्या, "कितीही वाजू देत, फोन कर, मी न्यायला येते. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही." आणि हा शब्द पाळा. एखादा मित्र पिऊन निपचित पडला, हलवूनही उठेना, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणायचं नाही. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हेही शिकवून ठेवा.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रमसाठी २५. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणून त्या मित्राच्या आईशीही बोला. भांडायला नको, तीही कदाचित तुमच्यासारखीच जागी असेल.

आता यजमानांचं. मुलगा उद्धट बोलला, पण खोटं नाही बोलला. पट्टा उगारणाऱ्या हातात शनिवारी ग्लास असतो, हे तो लहानपणापासून बघतोय. मारलंत तर तो प्यायचा थांबणार नाही, वास लपवायला शिकेल. यजमानांना मुलासमोर नको, एकांतात गाठा. म्हणावं, निदान घरात तरी पिणं बंद करा आणि फ्रिजमधल्या बाटल्या हलवा. मुलाशी त्यांनीच बोलावं, स्वतःच्या पिण्याबद्दलही. त्यांनाच सोडणं जड जात असेल, तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामात आहे. तिथे विचारण्यात कमीपणा नाही.

शनिवार यायच्या आत बोला, ताई. आणि काय झालं ते मला नक्की कळवा.