सरकार 5 लाख देतंय, मग मेडिक्लेम बंद करू का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका किराणा दुकानदार दादांनी विचारलंय. घरात दोघं नवराबायको, दोन पोरं आणि 68 वर्षांच्या आई, त्यांना शुगर-बीपी. 5 लाखाची फ्लोटर पॉलिसी (सगळ्या घराला मिळून एकच) सहा वर्षं चालू आहे, यंदा हप्ता 38 हजार आलाय. सरकारच्या आयुष्मान योजनेचे 5 लाख आहेत, महाराष्ट्राची योजना पण सीमाभागाला लागू झाली म्हणतात, मग हे पैसे पतसंस्थेत आरडीला टाकू का?

दादा, नका बंद करू. आधी रेशन कार्ड बघा. तुम्ही एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं) लिहिलंय, आणि सगळं गणित तिथंच फिरतं. कर्नाटकात 5 लाख बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) घराला, एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे सरकारनं त्या उपचाराला ठरवलेल्या दराच्या, 30 टक्केच, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणजे 1 लाखाच्या पॅकेजला सरकार 30 हजार देणार, 70 हजार तुमच्या खिशातनं. शिवाय इमर्जन्सी सोडली तर मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्यातनं रेफरल चिठ्ठी आणायला लागते, ती नसली तर काउंटरवरनंच परत पाठवतात.

महाराष्ट्राचं म्हणाल तर 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना त्यांची महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर झाली, पण कर्नाटक सरकारनं विरोध केला. आपल्या माणसांना ती मिळायलाच पाहिजे, माझं ठाम मत आहे, पण दोन सरकारं भांडत असताना त्या भरवशावर आईचं ऑपरेशन ठेवू नका ओ. कागदपत्रं करून ठेवा, मिळालं तर चांगलंच.

70 च्या वरच्यांना उत्पन्न न बघता 5 लाखाचं कार्ड केंद्रानं ऑक्टोबर 2024 ला आणलं, पण आईंना अजून दोन वर्षं आहेत. त्यावेळी तुम्ही नेता त्या हॉस्पिटलात ते चालतंय का ते विचारा आणि मग ठरवा.

तुमच्या पॉलिसीची खरी किंमत त्या सहा वर्षांत आहे. शुगर-बीपीचा वेटिंग पिरियड (आधीच्या आजाराला क्लेम मिळत नाही तो काळ) संपलाय, आणि पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुना आजार लपवला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. आज सोडली आणि उद्या परत घ्यायला गेलात तर आईंना तीन वर्षांपर्यंत थांबायला लागेल, कदाचित कोण देणारच नाही. आरडीत दोन वर्षांत 76 हजार आणि थोडं व्याज होईल, प्रायव्हेटमध्ये एक अँजिओप्लास्टी झाली की संपलं.

पण 38 हजार पण डोळे झाकून भरू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर लागतो, म्हणजे आईंमुळं तुम्हा चौघांचा पण वाढतोय. त्याच कंपनीत आईंची वेगळी पॉलिसी करून दोन्हीचे आकडे मागा, आणि जुनी सहा वर्षं धरणार हे लेखी घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासनं जीएसटी शून्य आहे, तेव्हा नोटीसवर 18 टक्के लावलेत का बघा. कंपनी बदलायची असेल तर रिन्यूअलच्या 45 दिवस आधी अर्ज.

आणि आईंच्या गोळ्यांचे महिन्याला 2 हजार जातात लिहिलंय ना, ते या योजना देणार नाहीत, तुमची पॉलिसी पण बहुतेक नाही. डॉक्टरना औषधाचं जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी दुकानात एकदा भाव काढा. तिथं जे वाचेल ते आरडीत टाका, महिन्याला पाचशे का असेना.