नोटरी केली म्हणजे पालकत्व मिळाले असे नाही

प्रश्न : माझा ३४ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग भाऊ वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरी राहतो. खर्चाचे पैसे आम्ही दरमहा देतो. ‘आजन्म सांभाळू’ असे त्या काकांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन आईने नोटरी केली आहे. भावाच्या नावावरच्या ठेवीसाठी बँक आता पालकत्वाचे प्रमाणपत्र मागते. काकांनी अर्ज करावा का?

उत्तर : काकांनी नाही, आईने करावा. तोही ताबडतोब.

अशा पत्रांत हा स्टॅम्प पेपर हटकून असतो. भाऊ अठरा वर्षांचा झाला त्या दिवशीच आईचे नैसर्गिक पालकत्व संपले. जे तिच्याकडेच उरले नव्हते, ते तिने काकांना दिले कसे? त्या आधी कुणा वकिलाला विचारले असते तर एवढी वर्षे फुकट गेली नसती.

सगळे अडते ते राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मधल्या पालक नेमणुकीच्या कलम १४ वर. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात; नोंदणीकृत संस्थेलाही काही अटींवर मुभा आहे. नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाने झालेला किंवा दत्तकाने. काकांनी कितीही जीव लावला तरी ते यात बसत नाहीत. मात्र ही अट अर्जदाराला आहे, नेमल्या जाणाऱ्या पालकाला नाही. आई आपल्या पसंतीच्या कोणाचेही नाव सुचवू शकते. तिच्या पश्चात तुम्हीही अर्ज करू शकाल, पण इतर नातेवाइकांनी हरकत घेतली तर आईची इच्छा काय होती हे सांगायला ती नसेल.

अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. तिथे जिल्हाधिकारी असतात. निवडणुका आणि पंचनाम्यांतून सवड मिळाली की बैठक लागते. किती वेळ लागेल ते सांगत नाही.

भावाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे ते मात्र तपासा. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे. तिथे फक्त मानसिक आजार लिहिला असेल तर हा रस्ता बंद.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाला भावाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. काकांना हे आधीच सांगा. त्यांना ते नको असेल तर पालक म्हणून तुमचे नाव सुचवा. भाऊ त्यांच्या घरी राहायला त्याने अडचण येत नाही.