"आमच्यात तर कुणालाच असं नव्हतं, मॅडम"

माझ्या दवाखान्यात तो खुर्चीच्या कडेला बसला होता. मांडीवरची जाडजूड फाईल बायकोच्या नावाची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. तिच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, एक दुर्बिणीची शस्त्रक्रिया. त्याची वीर्यतपासणी पहिल्यांदा झाली ती पाचव्या वर्षी. असं काही पाहिलं की मला अजूनही राग येतो. सगळ्यात सोपी तपासणी सगळ्यात शेवटी, आणि तोवर सगळं तिच्या माथी.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू आठ लाख. एरवी 1 कोटी 60 लाखांच्या वर असावेत. आकडा इतका खाली असला की वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त वडिलांकडून मुलाला मिळणारं गुणसूत्र, तपासायला सांगतात. तिथेच सापडलं: एझेडएफ-सी नावाच्या भागाचा तुकडा गळालेला. शुक्राणू तयार व्हायला लागणारी काही जनुकं त्या तुकड्यात असतात.

"आमच्यात तर कुणालाच असं नव्हतं, मॅडम. तीन काका, सगळ्यांना मुलं."

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आणि ते खरंच असतं. वडिलांचं वाय गुणसूत्र बहुतेक वेळा पूर्ण असतं. या भागात सारखाच जनुकीय मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे वडिलांच्या शरीरात शुक्राणू घडताना जुळणी चुकते आणि मधला तुकडा निसटतो. कुणाच्या वागण्याने नाही, व्यसनाने नाही, उष्णतेने तर नाहीच.

तो गावात महा-ई-सेवा केंद्र चालवतो. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे मूळ उताऱ्यावर ओळ आहे, नक्कल करताना गळली."

इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

पण पुढचं वाक्यही त्यालाच सुचलं, आणि ते बोलताना आवाज बसला. "मग माझ्यावरून जी नक्कल निघेल, तिच्यातही नसणार."

हो. मुलगा झाला तर त्याला वडिलांचंच वाय मिळणार, म्हणजे तो तुकडा नसलेलं. मुलीला वाय जातच नाही, तिला यातलं काही नाही. हे मी गुळमुळीत सांगत नाही. लोक धक्का पचवतात, अर्धवट सांगितलेलं पचत नाही. आणि सोबत हेही सांगते की ताकद, बुद्धी, शरीरसंबंध यांच्याशी या तुकड्याचा संबंध नाही. मुलगा एरवी चारचौघांसारखाच असेल, प्रश्न येईल तो मूल हवं असेल तेव्हा.

आता शेजारी बसलेली त्याची बायको बोलली. "मग मुलगीच होईल असं बघता येतं का?"

त्यामागची माया मला दिसत होती. पण लिंग निवडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. 1994 च्या कायद्यात 2003 पासून गर्भधारणेआधीची निवडही आली आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी तिला विचारलंच, "यांच्यात हा तुकडा नाही. म्हणून हे जन्माला यायला नको होते का?" तिने त्याच्याकडे पाहिलं. मान हलवली.

दात्याच्या शुक्राणूंचा पर्यायही मी सांगितला. दोघांनी महिनाभर विचार केला आणि स्वतःच्या शुक्राणूंवर इक्सी करायचं ठरवलं. यात एकेक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. 1992 पासून हे तंत्र आहे, आणि यांच्यासारख्यांना ते खरोखर तारतं. संख्या वयाबरोबर आणखी घसरू शकते, म्हणून आधी त्याचे नमुने गोठवून ठेवायला सांगितलं.

पहिल्या वेळी अकरा बीजं मिळाली, आठ परिपक्व, चार फळली. गर्भ राहिला नाही. ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही, हे त्याने मला फोनवर सांगितलं. यश बऱ्याच अंशी स्त्रीच्या वयावर ठरतं, तेव्हा ती एकतिशीची होती. ती वाया गेलेली पाच वर्षं मला तेव्हा सगळ्यात जास्त बोचली. दुसऱ्यांदा गोठवलेला गर्भ सोडला आणि राहिला.

मुलगा झाला.

मधे ते भेटून गेले. बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं. त्याने पिशवीतून नवी फाईल काढली, वर बाळाचं नाव, अक्षर छापल्यासारखं. आत जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आणि शेवटी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये त्याचा स्वतःचा तो वाय गुणसूत्राचा रिपोर्ट.

"मला तिशी ओलांडल्यावर कळलं," तो म्हणाला. "याला वेळेत कळेल. गोठवून ठेवायचं तर ठेवेल."

कव्हरवर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'अठरा पूर्ण झाल्यावर वाचणे. बाबांना विचारणे.'