भर उन्हात ठिपका कुठे गेला?

प्रश्न : ताई, मी पॉइंट टू टू रायफलने उघड्या रेंजवर ५० मीटरवर सराव करतो. वय ४६, चष्मा आहे. सध्या रेड डॉट साइट (काचेत लाल ठिपका दाखवणारी, सेलवर चालणारी) लावली आहे. गेल्या महिन्यात दोनदा ऐन सरावात सेल संपला. सेल नवा असतानाही दुपारी बाराच्या उन्हात ठिपका शोधावा लागतो. आता बिनसेलचीच साइट घ्यायची असं ठरवलंय. एका मित्राने ऑप्टिकल फायबरवर चालणारी साइट सुचवली आहे. 'जितकं ऊन जास्त, तितका ठिपका झगझगीत,' असं तो म्हणतो. घेऊ का? पुढेमागे स्पर्धेतही उतरायचं मनात आहे.

उत्तर : तुमच्या मित्राचं खरं आहे, पण अर्धंच. ऊन जास्त तर ठिपका झगझगीत, कबूल. पण कुणाच्या डोक्यावरचं ऊन? फायबर असतं साइटच्या पाठीवर. ते प्रकाश गोळा करतं तो तुम्ही जिथे आहात तिथला. निशाण सावलीत आहे की उन्हात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

हे कळायला मी अख्खा एक मोसम घालवला. अशी साइट घेतली तेव्हा मोकळ्यावर उभं राहून पाहिली आणि हरखून गेले. ठिपका कसला, निखाराच! मग रेंजवर गेले. फायरिंग पॉइंटवर पत्र्याचं छप्पर, खाली गारवा, आणि समोर ५० मीटरवर पांढरा कागद उन्हात तळपतोय. डोळा लावला तर ठिपका विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा. कागदाच्या पांढऱ्यावर तो दिसेना, काळ्यावर आला की जरासा दिसे. मग वैतागून मॅट छपराबाहेर ओढली, तर उलटंच झालं. ठिपका इतका फुगला की बुलच्या (कागदावरच्या काळ्या गोलाच्या) मधोमध लाल पीस चिकटवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी फायबरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि नखाएवढी फट उघडी ठेवली. ढग आला की टेप मागे सारायची, ऊन आलं की पुढे. दुपारपर्यंत टेपचा गोंद उन्हाने पाघळला, अंगठा काळा झाला. त्या दिवशीचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) विचारू नका.

टेपचा हा उद्योग मी एकटीच करते असं समजू नका. १९८७ पासून बाजारात असलेल्या ट्रिजिकॉनच्या एकॉग साइटवरही, फायबरवाल्या प्रकारात, लोक तेच करतात. तिच्यात दिवसा फायबर आणि अंधारात ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू रेटिकल (नेमाची खूण) उजळवतो. ट्रिटियमचं तेज साधारण १२.३ वर्षांत निम्म्यावर येतं, पण तुम्हाला त्याची फिकीर नको. भर दुपारी ट्रिटियम असून नसून सारखंच. झटपट नेम, जवळचं अंतर, आणि तुम्ही व निशाण दोघंही एकाच उजेडात असाल, तर फायबर फार छान. तुमचं काम ते नाही.

आता जरा आकडे पाहा. दोन मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका ५० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर झाकतो. तुम्ही ५० मीटरचा आंतरराष्ट्रीय कागद वापरत असाल, तर त्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, नऊचं २६.४ मिलिमीटरचं. म्हणजे दहा आणि नऊ दोन्ही ठिपक्याच्या पोटात. हे न फुगलेल्या ठिपक्याचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. उन्हात चमकणाऱ्या खुणेच्या मागे लागू नका, काळी खूण घ्या. उजेड वाढला की चमकणारी खूण फिकी पडते किंवा पसरते. काळी मात्र आणखी उठून दिसते. काळ्या खुणेचे तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत, आणि कुठला घ्यायचा ते स्पर्धाच ठरवेल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे रायफलच्या साइटमध्ये भिंग चालत नाही, म्हणजे दुर्बीण बाद. प्रकाशाचे फिल्टर चालतात, आणि नंबरचा चष्मा तुम्ही घालू शकता. तेव्हा स्पर्धा खरोखरच मनात असेल तर आजपासूनच पीपसाइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट.

पीपसाइटला लोक जुनाट समजतात. पण उन्हात आणि चाळिशीनंतरच्या डोळ्याला तिच्यासारखी सोबत नाही. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त रेखीव दिसतं. चष्मा काढून मुठीच्या बारीक भोकातून लांबची पाटी वाचून पाहा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. छिद्र जितकं बारीक तितका उजेड कमी, आणि उन्हात उजेडाला तोटा नाहीच. बदलता आयरिस (छिद्र लहानमोठं करणारी चकती) घ्या. स्वच्छ उन्हात मी १.१ मिलिमीटरच्या आसपास असते, ढगाळ झालं की थोडं उघडते. हावरटपणा करून ते फार आवळू नका. एका हद्दीनंतर चित्र काळपट आणि पुन्हा धूसर होतं. पुढच्या साइटमध्ये बसवायच्या इन्सर्टची रिंग मात्र ऐसपैस हवी. बुलभोवती पांढरी कड नीट दिसली पाहिजे. नवे लोक रिंग घट्ट घेतात आणि मग बुल रिंगमध्ये थरथरतोय म्हणून श्वासाला दोष देतात. कागद फारच डोळ्यांत भरत असेल तर करडा फिल्टर लावा. नारिंगी काहींना मानवतो, मला नाही. दुसरा डोळा मिटू नका, अर्धपारदर्शक पट्टीने झाका. काळ्या पट्टीने तो डोळा अंधारात जातो, त्याची बाहुली मोठी होते, आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जोडीने हलत असल्यामुळे नेमाचा डोळाही बिघडतो.

रायफलला साधी उघडी माशी असेल तर (आमचे जुने उस्ताद फोरसाइटला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटला, माशीच म्हणत) एक गोष्ट आवर्जून करा. वापरून वापरून माशीचा काळा रंग उडतो आणि कडा चकाकायला लागतात. डावीकडून ऊन आलं की डावी कड उजेडात विरघळते, डोळा उरलेल्या काळ्या भागालाच माशी समजतो आणि शॉट बाजूला सरकतात. माणूस मग साइटचे क्लिक फिरवत बसतो! त्यावर उपाय म्हणजे काजळी. जुने नेमबाज कापराची वडी पेटवून तिचा धूर माशीवर धरत. मऊ, दाट, अजिबात न चमकणारा काळा थर बसतो, फक्त बोट लावायचं नाही. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर आणि रेंजपासून लांब, एवढं पाळून करा.

स्पर्धा नकोच असेल तर काचेवर काळं रेटिकल कोरलेली प्रिझम साइट किंवा साधा स्थिर पॉवरचा स्कोप घ्या. काहींमध्ये सेलवरचा दिवाही असतो. तो बंद असताना रेटिकल स्वच्छ काळं दिसतं का, एवढं बघा. पुढचं भिंग मोठं घेण्याचा मोह टाळा. ३२ मिलिमीटरचं भिंग आणि ४ पॉवर म्हणजे डोळ्याकडे येणारी प्रकाशाची शलाका ८ मिलिमीटरची, आणि उन्हात तुमची बाहुली जेमतेम २–३ मिलिमीटर उघडलेली. ५० मिलिमीटरचं भिंग लावलंत तर जादा उजेड डोळ्याबाहेरच सांडणार. त्यापेक्षा पुढे बसवायची सनशेड घ्या, तिरप्या उन्हात ती खरी कामाला येते. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की खूण निशाणावरून सरकल्याचा भास) ५० मीटरला जुळवलेला हवा. आणि स्कोप लावलेली रायफल सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, आतलं जळतं. त्यातून सूर्याकडे पाहण्याचं तर नावही नको.

दुपारी निशाण पाण्यात बुडाल्यासारखं हलताना दिसलं तर ते मृगजळ. ते कुठल्याही साइटने जात नाही, सकाळी लवकर जावं.

एक शंका मात्र राहते. ठिपका 'शोधावा लागतो' म्हणजे नेमकं काय? फिका दिसतो, की फुटून तुऱ्यासारखा पसरतो? रिकाम्या रायफलवरच्या रेड डॉटचा मोबाइलने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आणि डोळ्याला तुरेदार असेल तर दोष साइटचा नसून बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेचा, आहे. चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबर किती लिहिलाय आणि तुमच्या फायरिंग पॉइंटवर छप्पर आहे का, हे दोन्ही कळवा. मग आयरिस आणि फिल्टरचं नेमकं सांगते.