रोज पोस्ट टाकूनही ब्रँड दिसत नसेल, तर कोणती सोशल मीडिया टूल्स वापरावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रँड छोटा आहे, पाच प्लॅटफॉर्मवर खाती उघडली, पोस्ट शेड्यूल करायचं टूल विकत घेतलं, सहा महिने रोज पोस्ट जातेय, तरीही नाव कोणाला माहीत नाही. मग आता कोणतं टूल घ्यावं?

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या ब्रँडांचं सोशल मीडियाचं काम करतोय. हा प्रश्न घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे बोलायचं टूल होतं आणि ऐकायचं एकही नव्हतं. तुमच्याकडेही तेच झालंय असं मला वाटतं. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी एक महिना फक्त ऐका.

म्हणजे काय, ते एका कामातून सांगतो. पाठीवरच्या बॅगा बनवणारा एक ब्रँड होता. त्यांच्या सगळ्या पोस्टमध्ये 'मजबूत झिपर', 'प्रीमियम क्लोजर' असले शब्द. मी पंधरा दिवस रोज अर्धा तास प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या सर्चमध्ये बॅगांबद्दल लोक काय लिहितात ते वाचत बसलो आणि सापडेल ते एका शीटमध्ये उतरवत गेलो. 'झिपर' हा शब्द क्वचितच कोणी लिहीत होतं. लोक 'चेन' म्हणत होते. आणि विचारत काय होते? 'बॅगची चेन लागत नाही, काय करू?' नवी बॅग कोणती घ्यावी हे विचारणारे त्या मानाने फारच थोडे.

मग आम्ही चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला. चेन ओढल्यावर मागचे दात उघडेच राहत असतील, तर दोष बहुतेक वेळा दातांचा नसतो, रनर (चेनवर पुढे-मागे सरकणारा तुकडा) सैल झालेला असतो. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलक्या हाताने दाबल्या की चेन पुन्हा धरते. एवढंच दाखवलं. शीर्षक लोकांच्याच शब्दांत दिलं: 'बॅगची चेन लागत नाही?' ब्रँडचं नाव फक्त बॅगवर दिसत होतं, तेवढंच. त्या ब्रँडच्या आधीच्या कुठल्याही पोस्टपेक्षा तो व्हिडिओ जास्त पाहिला गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, महिने उलटले तरी लोक सर्चमधून त्याच्यापर्यंत येत राहिले. रोजच्या पोस्टचं आयुष्य एक-दोन दिवसांचं असतं. कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असलेली पोस्ट, तो प्रश्न पडणारी माणसं आहेत तोवर जगते.

ऐकण्यासाठी लागणारी बरीचशी साधनं फुकट आहेत. ब्रँडच्या नावाचा आणि तुमच्या वस्तूच्या नावाचा गूगल अलर्ट लावा. वेबवर कुठे उल्लेख आला की मेल येतो. सोशल मीडियावरच्या पोस्ट त्यात फारशा येत नाहीत, त्यासाठी त्या त्या प्लॅटफॉर्मचं सर्चच वापरावं लागतं. गूगल ट्रेंड्समध्ये दोन शब्द शेजारी ठेवून कोणता जास्त शोधला जातो ते पाहता येतं. तिथे 'वेब सर्च'ऐवजी 'यूट्यूब सर्च' निवडायची सोय आहे, ती बहुतेकांना माहीतच नसते. नावाचं स्पेलिंग लोक चुकीचं लिहितात, त्या चुकीच्या स्पेलिंगचाही अलर्ट लावा.

आता शेड्युलिंगबद्दल. हूटसूट २००८ पासून आहे, बफर २०१० पासून, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामपुरतं मेटा बिझनेस सूटमधून फुकटात शेड्यूल करता येतं. ही टूल्स चांगली आहेत, मीही वापरतो. पण ती वेळ वाचवतात, ब्रँड दिसायला लावत नाहीत. कारण फीड, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणारी पोस्टची यादी, आता वेळेनुसार चालत नाही. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये कालक्रम सोडून आवडीनुसार क्रम लावायला सुरुवात केली. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना आणि ज्यांवर संवाद होतो अशा पोस्टना फीडमध्ये प्राधान्य मिळेल, आणि ब्रँडांच्या पानांवरच्या पोस्ट कमी दिसतील. यूट्यूबने तर २०१२ मध्येच शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजऐवजी किती वेळ पाहिलं याला वजन द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे रोज पोस्ट गेली म्हणून ती कोणापर्यंत पोहोचली असं होत नाही. आठवड्याला दोन पोस्ट आणि उरलेला वेळ उत्तरं देण्यात, हे प्रमाण मला लहान ब्रँडसाठी जास्त फळलेलं दिसलंय.

शेड्युलिंगचा एक धोका मी स्वतः भोगलाय. एका ब्रँडची वेबसाइट दिवसभर बंद पडली. ऑर्डरी अडकल्या, लोक चिडून लिहीत होते आणि आधी लावून ठेवलेल्या आनंदी पोस्ट ठरल्या वेळी एकामागून एक जात राहिल्या. चूक माझी होती, शेड्यूल केलेल्या पोस्टची रांग थांबवायचं माझ्या लक्षातच आलं नाही. लोकांना वाटलं की आपली टिंगल चालली आहे, आणि त्यांना तसं वाटणं बरोबरच होतं. तेव्हापासून कुठल्याही ब्रँडचं काम घेतलं की पहिल्याच दिवशी ठरवतो, अडचणीच्या वेळी रांग कोण थांबवणार आणि त्या माणसाकडे पासवर्ड आहे का.

तुमची पाच खाती हा मला खरा प्रश्न वाटतो. दोन ठेवा. कोणती, ते तुमच्या ऐकण्याच्या शीटवरून ठरेल: जिथे लोक तुमच्या वस्तूबद्दल विचारतायत ती. उरलेल्या तिन्हीकडे नाव राखून ठेवा, लोगो आणि वेबसाइटचा पत्ता टाका आणि 'आम्ही अमुक ठिकाणी भेटतो' अशी एक पोस्ट वर पिन करून ठेवा. आणि दोन्हीपैकी एकावरही पूर्ण भिस्त ठेवू नका. छोट्या व्हिडिओंचं वाइन हे प्लॅटफॉर्म २०१७ मध्ये बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद होती. तुमची वेबसाइट आणि ग्राहकांची ईमेल यादी तेवढी तुमची स्वतःची.

वेबसाइटवरून आठवलं, एक छोटी तांत्रिक गोष्ट आजच तपासा. तुमच्या साइटची लिंक कोणी शेअर केली की खाली चित्र आणि शीर्षक नीट येतं का? ते साइटच्या कोडमधल्या ओपन ग्राफ नावाच्या टॅगमधून येतं. फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली आणि आज बहुतेक सगळीकडे चालते. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा. बदल केल्यावरही जुनंच चित्र दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून ती पुन्हा वाचायला लावता येते. लोक तुमची लिंक आपणहून पाठवत असतात आणि तिथे कोरी राखाडी चौकट दिसते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मोजमाप, आणि इथे मी जरा हट्टी आहे. लाइक आणि फॉलोअर यांवरून दृश्यमानता कळत नाही. मी तीन गोष्टी पाहतो.

पहिली म्हणजे रीचमधला फॉलो न करणाऱ्यांचा वाटा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या भागात, तो वेगळा दिसतो. तो वाढत नसेल तर तुम्ही त्याच त्या माणसांशी बोलताय. (रीच म्हणजे किती खाती, इंप्रेशन म्हणजे किती वेळा. अहवालात दोन्हींची सर्रास गल्लत होते.) यूट्यूबवर असाल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठून आले ते पाहा. सर्चमधून आले असतील तर काय शोधून आले, ते शब्दही तिथे मिळतात. तेच शब्द पुढच्या व्हिडिओचे विषय.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं नाव टाइप करून शोधणारे लोक. लोक काय शोधतात तेव्हा तुमची वेबसाइट गूगलमध्ये दिसते, हे सांगणारं गूगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि सोळा महिन्यांपर्यंतचे आकडे दाखवतं. त्यात ब्रँडच्या नावाची गाळणी लावा आणि दर महिन्याची इंप्रेशन पाहा. कोणी सोशल मीडियावर तुम्हाला पाहिलं, तेव्हा क्लिक केलं नाही, पण चार दिवसांनी नाव आठवून शोधलं, तर तो माणूस सोशल मीडियाच्या अहवालात कधीच दिसत नाही. इथे दिसतो. तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे 'नाव माहीत आहे का', याचं याहून प्रामाणिक उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

तिसरी, यूटीएम. लिंकच्या शेवटी जोडायची ही शेपटी: कुठून आला, कशातून आला, कोणत्या मोहिमेतून आला. नावातला 'यू' अर्चिन या कंपनीचा, जी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्यातूनच गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे वेबसाइटवर लोक कुठून येतात ते मोजणारं टूल, उभं राहिलं. एक पथ्य पाळा: इंग्रजी स्पेलिंग कायम लहान अक्षरांत लिहा. 'फेसबुक' एकदा मोठ्या 'एफ'ने आणि एकदा लहान 'एफ'ने लिहिलंत तर अहवालात ती दोन वेगळी ठिकाणं होतात. स्वतःच्याच साइटमधल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकला यूटीएम जोडू नका, माणूस मुळात कुठून आला ही माहिती गढूळ होते. खासगी मेसेजमधून पसरलेली साधी लिंक मात्र ॲनालिटिक्समध्ये बहुधा 'डायरेक्ट' (जणू माणूस थेट पत्ता टाकून आला) म्हणूनच मोजली जाते, हे लक्षात ठेवून आकडे वाचा.

फॉलोअर विकत देणारे तुम्हाला भेटतीलच. घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका ब्रँडने माझ्या आधी ते केलं होतं. ती खाती पोस्टकडे ढुंकूनही पाहत नव्हती, त्यामुळे खऱ्या लोकांपर्यंत काय पोहोचतंय हेच कळेना. ती एकेक करून काढायला आम्हाला आठवडे लागले. अमेरिकेत तर व्यवसायाचा प्रभाव फुगवून दाखवण्यासाठी असे खोटे फॉलोअर विकण्या-घेण्यावर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नियम करून बंदी आणली आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: शेड्युलिंग टूलचं पुढचं नूतनीकरण थांबवा, सर्च कन्सोल जोडा, ब्रँडच्या नावाचा आजचा आकडा लिहून ठेवा आणि ऐकण्याची शीट उघडा. तिच्यात तीन रकाने पुरतात: माणसाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, कुठे सापडले, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे का. तिसऱ्या रकान्यात 'आहे' असलेल्या ओळी वीस झाल्या की पोस्ट बनवायला बसा. तुमचा ब्रँड कशाचा आहे ते प्रश्नात आलेलं नाही. ते कळवलंत तर सुरुवात कोणत्या दोन प्लॅटफॉर्मवरून करावी ते मी नक्की सांगू शकेन.