घोडी, शिंगरू, दोन कुत्री आणि तीस लाखांची गाडी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं आहे. वय ६३. पेन्शन महिना ४२ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची दोन खाती, एक १२ लाखांचं, दुसरं ८ लाखांचं, दोन्ही अडीच वर्षांपूर्वी उघडलेली, ८.२ टक्क्यांनी. बँकेत ९ लाखांची ठेव आहे, पण ती धाकट्या मुलाच्या लग्नासाठी. दारात एक काठेवाडी घोडी, तिचं दीड वर्षाचं शिंगरू, दोन मुधोळ कुत्री आणि एक जुनी बोलेरो. थोरला मुलगा चिंचवडला फ्लॅटमध्ये, मुलगी कराडजवळच्या खेड्यात दिलेली, बहीण निपाणीत.

जावयानं त्यांना अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. पिकअपच्या मागं लांबलचक ट्रेलर, त्यात एका बाजूला घोडे आणि एका बाजूला बिछाना, शेगडी, न्हाणीघर. म्हातारा-म्हातारी कुत्री शेजारी बसवून लेकीकडून लेकाकडं फिरताहेत. सुभेदारांच्या मनात ते भरलं. एका बॉडी बांधणाऱ्याकडून त्यांनी कोटेशन आणलं: ट्रकच्या चासीवर पुढं दोघांची राहायची सोय, मागं दोन जनावरांचं ठाण, सगळं मिळून ३० लाख. १२ लाखांचं खातं मोडायचं आणि १८ लाख कर्ज काढायचं, सात वर्षांसाठी, १० टक्क्यांनी. "घ्यावी का?" असं विचारलंय.

पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर सुचल्यासारखी एक ओळ आहे: "तीन वर्षांत आम्ही दोघं मिळून कुणाकडं गेलो नाही. एक जातं, एक जनावरांपाशी राहतं."

सुभेदारसाहेब, मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या ओळीत आहे. गाडी हे तुम्ही त्याला शोधलेलं उत्तर. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आई-वडील माझ्या एकाही मामाच्या लग्नाला जोडीनं गेले नाहीत, त्यामुळं तुमचं दुखणं मला समजतं. म्हणूनच हे उत्तर केवढ्याला पडतंय ते आधी बघू.

१८ लाखांचा हप्ता येतो २९,९०० च्या आसपास. सात वर्षांत व्याजच ७ लाख १० हजार. पेन्शनमधून हप्ता वजा केला की उरले १२,१००. उरलेल्या ८ लाखांच्या खात्याचं व्याज महिन्याला साडेपाच हजार. म्हणजे साडेसतरा हजारांत घर, चंदी-वैरण, नालबंद, जनावरांचा डॉक्टर आणि त्याच गाडीचं डिझेल. १२ लाखांचं खातं दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केलं तर ठेवीच्या १ टक्का, म्हणजे १२ हजार कापले जातील. ती रक्कम किरकोळ आहे. जातं ते वर्षाचं ९८,४०० रुपयांचं व्याज, आणि पुढं पुन्हा ८.२ टक्के मिळतील याची कुणी हमी देत नाही.

आता गाडीचा वर्षाचा खरा खर्च. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना पाचव्या वर्षाअखेर निम्मा घसारा लावतात. ३० लाखांचे १५ लाख झाले, म्हणजे वर्षाला ३ लाख गेले. असल्या आगळ्यावेगळ्या गाडीला गिऱ्हाईक मिळणं आणखी अवघड, पण ते सोडून देऊ. कर्जाचं व्याज सरासरी वर्षाला १ लाख. बुडालेलं व्याज ९८ हजार. विमा, टायर, सर्व्हिसिंग मी ८० हजार धरतोय. वर्षाला ३,००० किलोमीटर फिरलात आणि लिटरला ७ किलोमीटर पडलं तर डिझेलचे चाळीसएक हजार. बेरीज सव्वासहा लाखांच्या घरात. तुम्हीच लिहिलंय की वर्षातले साधारण ६० दिवस बाहेर राहायचं आहे. एका दिवसाला १० हजारांच्या वर पडतं, तेही लेकीच्या घरचं जेवून. बाकीचे ३०० दिवस गाडी दारात उभी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. चार महिने त्या पत्र्यावर काय होईल ते बघा, आणि तेवढ्या उंचीची शेड बांधायचा खर्च मी यात धरलेलाच नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, आणि हिशोबात तीच मला सगळ्यांत जड वाटते. हे कर्ज तुमच्या सत्तरीपर्यंत चालणार. तुमचं काही बरंवाईट झालं (सैन्यातल्या माणसासमोर हे बोलायला संकोच नको) तर तुम्ही ६७ वर्षांचे झाले असतात त्या तारखेपर्यंत वहिनींना वाढीव दरानं कौटुंबिक निवृत्तीवेतन मिळेल. त्यानंतर ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं, म्हणजे आजच्या हिशोबात सुमारे २५ हजार. हप्ता मात्र २९,९०० चाच. वहिनींना ती गाडी चालवता येत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक लवकर मिळणार नाही. औषधपाण्याला ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे म्हणून तिकडची काळजी मी करत नाही, पण या एका कारणासाठी मी १८ लाखांच्या कर्जावर सही करू देणार नाही.

पैशाचं झालं. आता कायद्याकडं येऊ, कारण तुमचा बॉडी बांधणारा त्याबद्दल गप्प आहे. खासगी वापराची कॅम्पर गाडी बिगरवाहतूक वाहनात मोडते, तिथवर ठीक. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ बनावटीत परस्पर बदल करू देत नाही. जनावरं नेणाऱ्या गाडीला तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई हा स्वतंत्र नियम आहे: घोड्यामागं २.२५ चौरस मीटर जागा, कायमचे आडोसे, आरटीओचा विशेष परवाना, आणि जनावरांसोबत दुसरा माल न्यायला बंदी. पुढं पलंग-शेगडी आणि मागं घोडी असा एकाच चासीवरचा संसार त्यात कसा बसवणार, हे बेळगावच्या आरटीओकडून लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. तोंडी "होतंय हो साहेब" चालणार नाही.

त्यात जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. घोड्यांना नेताना पशुवैद्याचा दाखला हवा, सोबत माणूस हवा, पाय घसरू नयेत अशी जमीन हवी, दोन जनावरांमध्ये जाड बांबू हवा, तोंडं डावीकडं, समोरून येणाऱ्या वाहनांच्या विरुद्ध बाजूला हवीत, आणि गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. कोण पाळतं हे नियम, असं तुम्ही म्हणाल. रस्त्यावर फारसं कुणी नाही. पण अपघात झाला आणि विम्याचा दावा लागला, की हेच नियम कुणीतरी टेबलावर ठेवू शकतं. खानापूर ते चिंचवड पावणेचारशे किलोमीटर धरले तर त्या वेगानं पावणेअकरा तास, न थांबता. वाटेत तवंदी घाट आणि खंबाटकी. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, एवढे टोलनाके. शिंगराला उभ्यानं एवढं सोसायला लावणार का? आणि पोचल्यावर? चिंचवडच्या सोसायटीत व्हिजिटर पार्किंगमध्ये घोडी बांधल्यावर वॉचमन काय म्हणेल, याची कल्पना करूनच मला हसू आलं.

व्हिडिओत हे दिसत नाही. तिकडं घोडे घेऊन मुक्काम करता येईल असे कॅम्प आहेत, तिथं घोड्यांसाठी कुंपणं असतात, पाण्याची नि विजेची जोडणी असते. एका राज्यातून दुसऱ्यात जायचं तर तिथंही घोड्याच्या रक्ताची कॉगिन्स चाचणी आणि आरोग्य दाखला लागतो. सोय रस्त्याच्या कडेला आधीपासून उभी आहे, म्हणून गाडी उपयोगी पडते. आपल्याकडं सोय नुसती गाडीतच असणार.

घोड्यांचा लांबचा प्रवास आपल्या जिल्ह्याला काही नवा नाही. चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या सोहळ्यासाठी आळंदीला पायी जातात. मुक्काम ठरलेले, चंदी कुठं मिळणार ते ठरलेलं, सांभाळणारी माणसं ठरलेली. माझ्या मते शहाणपण तिथं आहे: घोडा हलवायचा तर आधी माणूस लागतो, वाहन नंतर.

म्हणून माझा सल्ला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, ठेवा असा आहे.

गावातला एखादा घोड्याची सवय असलेला माणूस बघा. बैलगाडी-घोडागाडीच्या शर्यतींत वावरलेली पोरं तुमच्या भागात मिळतील. रोज सकाळी दोन-तीन तास येईल, खरारा करील, शेण-लीद काढील, घोडी फिरवून आणील. महिना ६ हजार धरू. तुम्ही बाहेर असाल ते ६० दिवस तो रात्री पागेपाशी झोपेल, त्याचे दिवसाला वेगळे ८०० द्या. वर्षाचे ७२ हजार आणि ४८ हजार, मिळून १ लाख २० हजार. तुमच्या दोन्ही खात्यांचं मिळून वर्षाचं व्याज १ लाख ६४ हजार येतं. मोतद्दाराचा पगार त्यातून भागून ४४ हजार उरतात, मुद्दलाला हात न लावता, पेन्शनला धक्का न लावता. गाडीच्या एका वर्षाच्या खर्चात हा माणूस पाच वर्षं राहील.

रोज यायला हवा हे मात्र मी मुद्दाम लिहितोय. नुसता ६० दिवसांपुरता अनोळखी माणूस आणलात तर घोडी त्याला जवळ येऊ देणार नाही, तुम्हाला साताऱ्यातून फोन करत बसावं लागेल, आणि वहिनी म्हणतील, "मी म्हटलं नव्हतं का?" पहिले तीन महिने तुम्ही घरात असतानाच त्याला काम करू द्या. मग आधी निपाणीला बहिणीकडं दोन रात्री जाऊन या. दोघंही जा.

कुत्र्यांचं सोपं आहे. बोलेरोच्या मागच्या भागात ती मावतात. रेबीजच्या लशीचं कार्ड बरोबर ठेवा, दर दोन तासांनी थांबा, उन्हात काचा लावून गाडीत सोडू नका. मुधोळ जातीला पळतं काही दिसलं की भान राहत नाही, त्यामुळं ढाब्यावर पट्टा सोडायचा नाही, एवढंच. बोलेरोचे टायर आणि एसी दुरुस्त करून घ्यायला तीस-चाळीस हजार लागले तर खुशाल घाला.

घोडीला कराडला न्यायची तुमची हौस मला पूर्ण चुकीची वाटत नाही. तिथं मुलीच्या सासरी रान आहे, गोठा आहे, नातवंडांना शिंगराशी खेळायचं आहे. अंतर सव्वादोनशेच्या आत, ताशी ३५ नं गेलं तरी सकाळी निघून दुपारी पोचता. वर्षातून एकदा महिनाभरासाठी न्यायचं असेल तर जनावरांच्या वाहतुकीचा परवाना असलेली गाडी भाड्यानं घ्या. जाऊन-येऊन तीस-पस्तीस हजार बाजूला ठेवा, भाव ठरवताना चालकाशी थांबे आधी बोलून घ्या. दाखला घेताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या चाचणीचं पशुवैद्याला विचारा. तो अधिसूचित रोग आहे आणि एखाद्या भागात सापडला तर तिथली घोड्यांची ये-जा बंद होते. घोडीचा विमा असेल तर वाहतुकीत झालेली इजा त्यात धरली आहे का, हेही लेखी विचारून घ्या.

फक्त महिना मे निवडू नका. लग्नसराईत घोडी वरातीला जाते आणि बेळगावच्या वैशाखातल्या शिवजयंती मिरवणुकीलाही ती उभी असते, असं तुम्हीच लिहिलंय. ती तेव्हा कराडात असली तर कमाईचा मोसम गेला. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा महिना घ्या, वराती सुरू व्हायच्या आत ती परत येते.

कॅराव्हॅनची आस एवढ्यानं जाणार नाही, हे मी ओळखून आहे. तर एक आठवडा ती भाड्यानं घ्या, कुत्री चालतात का ते आधी विचारून. कुत्री आणि वहिनी बरोबर, घोडी घरी मोतद्दारापाशी. चिंचवडला मुलाच्या सोसायटीच्या गेटपाशी ती गाडी वळवून बघा, कराडच्या गल्लीत उलटी घालून बघा, रात्री त्या पलंगावर झोपून बघा. धाकट्याचं लग्न पार पडल्यावरही हवीशी वाटली, तर घोड्यांचं ठाण वगळून लहान, जुनी बघा, आणि रोख पैशात बसेल तीच घ्या. तेव्हा मला पुन्हा लिहा, आकडे नव्यानं मांडू.

बॉडीवाल्याला काही विसार दिला असेल तर पावती शोधून ठेवा आणि तो परत मागा. मोतद्दार मात्र दसऱ्याच्या आधी ठरवा. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या की घोड्याजवळ जाणारी पोरं कुणाला सापडत नाहीत.