फ्लॅटमध्ये राहून रोजच्या कचऱ्याचं घरच्या घरी काय करता येतं?

तुम्ही विचारलंय की चार माणसांचं घर, अंगण नाही, मग कचऱ्यातलं काय काय पुन्हा वापरता येईल, आणि वासाचं काय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहते. आठ फुटांची गॅलरी, तीही अर्धी वाळत घातलेल्या कपड्यांची. तेवढ्यात सहा वर्षं जमवलंय.

बाटलीची कुंडी, सीडीचं तोरण असल्या उद्योगांत पडू नका. मी पहिल्या वर्षी बाटल्यांच्या बारा कुंड्या केल्या होत्या. दोन उन्हाळे खाल्ल्यावर त्या हात लावला की मोडायला लागल्या, आणि एका बाटलीच्या जागी पन्नास तुकडे वेचत बसले. डब्यात जड आणि वास मारणारं असतं ते ओलंच: देठं, साली, चहाचा चोथा, देवाची फुलं. ते आधी जिरवा. उरलेलं सुकं मग आठवड्यातून एकदा घंटागाडीत नाहीतर भंगारात दिलं तरी चालतं.

माझ्याकडे रंगाचे २० लिटरचे दोन रिकामे डबे आहेत. सळई तापवून बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली, खाली नारळाच्या शेंड्या अंथरल्या. एक मूठ ओलं टाकलं की वर दोन मुठी सुकं, म्हणजे प्लास्टिक-बिस्टिक नव्हे, उसाच्या वाळलेल्या चिपाडासारखं कुजणारं. बहुतेकांचं इथंच बिघडतं, नुसतं ओलंच टाकत राहतात. ओल्यात नायट्रोजन जास्त, सुक्यात कर्ब, म्हणजे कार्बन. सगळं मिळून कर्ब नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट असला की जिवाणू नीट काम करतात, नाहीतर सगळं नासतं आणि शेजारीण दार वाजवते. मुठीत दाबलं तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

सुकं म्हणून लोक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणतात. कोल्हापुरात राहून? रसवंतीच्या मागं चिपाडाचा ढीग पडलेला असतो. तो फुकट मिळतो, फक्त तसाच टाकायचा नाही. त्यात रसाचा गोडवा असतो, मुंग्या आणि माश्या तुटून पडतात. गच्चीवर तीन-चार दिवस कडक वाळवून, कोयत्यानं बोटभर तुकडे करायचे. मी उन्हाळ्यातच दोन पोती भरून ठेवते, कारण खरी गरज पावसाळ्यात लागते.

पहिल्या जुलैत झाकण उघडलं तर आत करड्या अळ्यांची नुसती वळवळ. मी अशी ओरडले की खालून वॉचमन वर आला. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "वरडतीस कशाला? तुजंच काम कराय लागल्यात की त्या." खरंच होतं. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या, चावत नाहीत, काही नाही, उलट ओलं भराभर संपवतात. नको असतील तर चिपाड वाढवायचं, ओल कमी झाली की कमी होतात. पहिला डबा भरला की बाजूला ठेवून दुसरा सुरू करायचा. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं.

रविवारच्या मटणाची हाडं आणि उरलेला रस्सा यात टाकू नका. तेल, मीठ आणि हाडांनी डबा बिघडतो आणि उंदीर येतात ते वेगळंच. हाडं घंटागाडीला. रस्सा उरतोच कसा, हा प्रश्न मी विचारत नाही.

लिंबू-मोसंबीच्या सालींचं मी फरशी पुसायचं पाणी करते: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. गूळ काळपट, मऊ पडलेला स्वस्तातला घ्यायचा. तीन महिने ठेवायचं, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. मी काचेच्या बरणीत भरून दोन दिवस माहेरी गेले होते. परत आले तर झाकण माळ्यावर आणि साली छताला. तेव्हापासून प्लास्टिकची बाटली, तीही पाऊण भरलेली. हे पाणी आंबट असतं, त्यामुळं शहाबादी, कडप्पा किंवा मार्बलवर वापरायचं नाही. तो चुनखडीच्या जातीचा दगड, त्यावर पांढुरके डाग पडतात आणि जात नाहीत. माहेरच्या स्वयंपाकघरात माझा एक डाग अजून आहे, आई पाहुण्यांना दाखवते. साध्या टाइल्सना बादलीत दोन टोपणं पुरतात.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकू नका, नुसती चीर द्या. तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही. पिशवी धुऊन वाळवली की भंगारवाला घेतो. जुन्या सुती साड्यांच्या सासूबाई वाकळा शिवतात. सिंथेटिक साडी मात्र आत घालू देत नाहीत, सरकते म्हणतात.

आणि चिपाड मागायला संध्याकाळी जा. दुपारी गर्दीत रसवंतीवाल्याला मान वर करायला सवड नसते, संध्याकाळी तो स्वतःच म्हणतो, "न्या ओ वैनी, सगळंच न्या."